गाडीला चार कॅमेरे, तरी पुरावा नाही



आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी मुलासाठी कर्जावर गाडी काढली. सोलापुरातून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरची भाडी मिळतात, त्यातून हप्ता निघतो. गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे. सगळं टिपलं जातंय, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत. एके दिवशी चुकीच्या बाजूनं आलेला दुचाकीवाला गाडीवर धडकला. सुदैवानं खरचटण्यावर निभावलं, पण चूक कोणाची यावर वाद पेटला. मुलगा म्हणाला, "कॅमेऱ्यात बघा." बघितलं, तर काहीच नव्हतं. शेवटी तडजोडीत दोन हप्त्यांचे पैसे गेले.

मग आम्ही जाणकारांना विचारून माहिती घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो.

दाखवणं वेगळं आणि साठवणं वेगळं. आरशात आपण दिसतो, पण आरसा काही लक्षात ठेवत नाही. गाडी मागे घेतानाचा कॅमेरा बहुतेक वेळा तसाच असतो. आतल्या आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे आणि पुढची गाडी बघून इशारा देतो. तोही सहसा चित्रण जपून ठेवत नाही. म्हणून शोरूममध्ये आधी विचारा: हे कॅमेरे रेकॉर्डिंग करतात का? ते कुठे साठतं? ह्युंदाई एक्स्टरसारख्या काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच डॅशकॅम येतो. तसा असेल तर वेगळा खर्च नको.

नसेल, तर घेताना एवढं बघा.

पहिलं, ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. बंद गाडीत काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त तापतं. आत बॅटरी असलेला डॅशकॅम अशा उष्णतेत फुगू शकतो. कपॅसिटरवर चालणारा मागा, तो जास्त टिकतो.

दुसरं, चित्र. निदान फुल एचडी हवं, म्हणजे जवळच्या गाडीचा नंबर वाचता येईल. मागूनही धडक बसते, म्हणून जमल्यास पुढचा-मागचा जोड घ्या. गाडीच्या मूळ कॅमेऱ्याची वायर तोडून त्यातून चित्र घेऊ नका, वॉरंटीवरून वाद होतो.

तिसरं, मेमरी कार्ड. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चित्रण होतं. सतत लिहिणं-पुसणं साधं कार्ड सोसत नाही. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या आणि महिन्यातून एकदा चित्रण नीट होतंय ना, ते उघडून बघा.

चौथं, बसवणं. आरशामागच्या मूळ कॅमेऱ्यासमोर डॅशकॅम येऊ देऊ नका, आणि चालकाची नजरही अडू नये. काचेच्या कडेच्या खांबात पडदा एअरबॅग असेल, तर वायर तिच्यावरून नेऊ नका. सर्वांत सोपं म्हणजे चार्जिंगच्या सॉकेटमधून वीज घ्यायची. उभ्या गाडीवरही पहारा हवा असेल, तर बॅटरी उतरू लागताच आपोआप बंद होणारं किट लावून घ्या. नाहीतर सकाळी गाडी चालूच होणार नाही.

आत बसलेल्यांचं चित्रण किंवा आवाज टिपत असाल, तर प्रवाशांना तसं सांगा. 'इथे कॅमेरा आहे' अशी चिठ्ठी लावली तरी पुरे.

अपघात झालाच, तर आधी जखमीला मदत करा. मग डॅशकॅम बंद करून कार्ड काढून ठेवा, नाहीतर त्यावर नवं चित्रण होईल. व्हिडिओत काटछाट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे, असं चित्रण कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकिलांकडून समजून घ्या.

आमच्या ताईंनी आता डॅशकॅम बसवलाय. पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा: आपल्या घरची गाडी नुसती बघते, की लक्षातही ठेवते?