बिनबियांच्या द्राक्षाला बाळ होते कसे?

थॉम्पसन सीडलेसला बी नाही, मग नवी बाग येते कुठून? द्राक्षपट्ट्याबाहेरच्या माणसाला हा प्रश्न हमखास पडतो, आणि 'जनुकांत काहीतरी ढवळाढवळ केली असणार' असे उत्तरही तोच देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात ही जात किशमिशसाठी पश्चिम आशियात शेकडो वर्षे लावली जाते. जनुक अभियांत्रिकी तर कालपरवाची. थॉम्पसनमध्ये परागीभवन होते, फलनही होते, पण बी कोवळेपणीच खुंटते. जीए (जिबरेलिक आम्ल) हे संजीवक फवारून मणी फुगतो एवढेच, बी नाहीसे होते ते त्यामुळे नव्हे. नवी वेल येते ती काडीवरच्या डोळ्यातून, म्हणजे आईच्याच जनुकांवर.

दुसरा समज खुंटाबद्दलचा. आपल्याकडच्या पुष्कळ बागा डॉगरीज या अमेरिकन खुंटावर कलम भरून उभ्या आहेत. या खुंटाची मुळे क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसतात, वेलीचा जोमही त्यांच्यामुळे बदलतो. म्हणून खुंटाचे गुण फळात उतरतात, असे मात्र नाही; जोडाच्या वर सगळी जनुके भरलेल्या काडीचीच. जोडाखालून फुटवा आला की पान वेगळे दिसते आणि बागायतदार तो लगेच मोडतो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे वाळवले, तेव्हा तिथेही अमेरिकन खुंट आले. वाइन फ्रेंचच राहिली.

सर्वांत चिवट समज तिसरा: नर-मादीचा संबंध नाही, म्हणजे नक्कल हुबेहूब, बदल शून्य. पण पेशी विभागताना डीएनएची प्रत काढली जाते आणि प्रत काढताना कधीतरी चूक होते. अशी चूक एखाद्या डोळ्यात पडली, तर त्यातून निघणारी फांदीच वेगळी निघते. थॉम्पसनमधूनच सांगलीकडे तास-ए-गणेश निघाली; सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेत लांबट मण्यांची सोनाका निघाली. प्रयोगशाळा नाही, संकर नाही. फक्त हजारो घडांत एक वेगळा आहे हे हेरणारी नजर. लैंगिक प्रजननात हा गुण पुढच्या पिढीत जनुकांच्या फेरवाटपात सापडला असता. काडीने तो जसाच्या तसा पुढे नेला.

पण हीच गोम आहे. फेरवाटप नाही म्हणून दोन वेलींचे वेगवेगळे गुण एकत्र येत नाहीत, आणि एक वेल केवडा या बुरशीजन्य रोगाला बळी पडत असेल तर सगळी बाग पडते. बुरशीला तोंड देणारी जात हवी होती, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला संकर करावाच लागला: अमेरिकन कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्यातून एआरआय-516 आली.