परड्यातला चैत्र



गाळप हंगाम संपला. कारखान्याचे धुराडे थंड झाले, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि रात्रंदिवस रस्त्यावर चालणारी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची घरघर थांबली. एरवी या पानावर आम्ही आपल्याशी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते याविषयीच बोलत असतो. आज मात्र थोडे घरामागे चला म्हणतो. परड्यात.

तुम्ही म्हणाल, साहेबांना उन्हाळ्यात काम नाही, म्हणून फुला-पाखरांचे सुचले. तसे नाही. त्याचे कारण शेवटी कळेल.

चैत्रात परडे पाहावे ते सकाळी सहा ते आठच्या दरम्यान. उन्हाचा चटका सुरू व्हायच्या आत. आमचे परडे फार मोठे नाही, जेमतेम दीड गुंठा. एक कडुलिंब, एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्त्याचे झाड, मोगऱ्याच्या चार जाळ्या, जास्वंद, दारात तुळस, आणि मोरीच्या पाण्यावर जगणारी केळ, अळू व कर्दळ. आमच्या मातोश्रींनी कोपऱ्यात भोपळ्याचा वेल सोडलेला असतो. एवढाच संसार. पण चैत्रात या दीड गुंठ्यात जी जत्रा भरते, तिला तोड नाही.

कडुलिंब या दिवसांत बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातो. पाडव्याला आपण त्याची कोवळी पाने आणि फुले गुळाबरोबर खातो, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध उरला आहे. पण सकाळी त्याखाली खाट टाकून बसा. अंगावर फुलांचा सडा पडतो आणि वास तर असा, की चहाची आठवण होऊ नये. मोगरा पौषात छाटून, थोडा ताण देऊन, कारखान्याचे प्रेसमड घातले तर चैत्रात सूपभर फुले देतो. तिन्हीसांजेला गुलबक्षी उमलते. भोपळ्याचे फूल पहाटे उघडते आणि ऊन चढले की मिटते, तर दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात. एकाच मांडवाखालच्या वेलींच्या वेळा अशा वेगवेगळ्या असतात, हे आम्हांला शाळेत कोणी सांगितले नव्हते. मातोश्रींनी दाखवले.

पाहुणे कोण कोण येतात

शेवग्याची एक फांदी दोन वर्षांपूर्वी वाळली. आम्ही तोडणार होतो, राहून गेली. यंदा तांबट पक्ष्याने तिला चोचीने भोक पाडून घर केले. तांबट म्हणजे तोच, जो भर दुपारी तांब्या-पितळेची भांडी ठोकल्यासारखा टुक्-टुक् करीत राहतो. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा थोराड, कपाळाला तांबडा टिळा. त्याला वाळकी, मऊ लाकडाची फांदीच लागते. आपण परडे स्वच्छ करण्याच्या नादात अशी प्रत्येक फांदी तोडतो आणि मग म्हणतो, पूर्वीसारखी पाखरे राहिली नाहीत.

कोकीळ पहाटेपासून ओरडत असतो. लक्षात ठेवा, ओरडतो तो काळा नर. मादी करड्या ठिपक्यांची असते, आणि ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात टाकून मोकळी होते. दयाळ पक्षी काळा-पांढरा, शेपटी वर करून कौलावर बसतो आणि असे काही गातो, की रेडिओ बंद करावा. तारेवर कोतवाल बसलेला असतो, त्याचे सगळे लक्ष उडत्या पतंगांवर. कुंपणातून भारद्वाज, ज्याला आपण कुकुडकोंबा म्हणतो, तो एखाद्या पाटलासारखा सावकाश चालत येतो आणि अळ्या, किडे, गोगलगायी टिपतो.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पाहा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसले, तर ते झटकू नका. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. शत्रूला फसवण्यासाठी तिने घेतलेले ते सोंग. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. बोट लावले तर डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आमच्या पोरांना हा खेळ पुरतच नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे मोठे काळे-निळे फुलपाखरू राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर केले, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातील झाडांची पाने खातात. म्हणजे राज्याचा मानकरी आपल्या लिंबाच्या झाडावर लहानाचा मोठा होतो.

आमच्या हातून झालेली चूक

आता जे सांगावयाचे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच चैत्र होता. शिंजिराने, म्हणजे ज्याला आपल्याकडे फुलचुखी म्हणतात त्या इवल्या पाखराने, लिंबाच्या खालच्या फांदीला घरटे टांगले होते. कोळ्याची जाळी, वाळके गवत, सालीचे तुकडे, कागदाचा कपटा असे काय मिळेल ते एकत्र गुंफून केलेली ती लोंबती पिशवी. बाजूला दार आणि दारावर पागोळीसारखे छप्परसुद्धा. नर या दिवसांत निळा-काळा चकचकीत होतो, पण घरटे बांधते ती साधी पिवळसर मादी. आमची थोरली मुलगी रोज शाळेला जाण्यापूर्वी लांबून पाहायची आणि येऊन सांगायची, "आप्पा, आत चोची दिसतात."

त्याच सुमारास लिंबाची पाने कुरतडलेली दिसली. आम्ही शेतकी खात्यातले माणूस. शेतावरच्या फवारणीतले थोडे औषध डब्यात शिल्लक होते. वाया कशाला घालवायचे, म्हणून रविवारी सकाळी नऊ वाजता पंप पाठीवर घेतला आणि झाड धुऊन काढले. झाड फुलावर होते. घरटे आम्हांला माहीत होते. त्या फांदीवर मारले नाही, एवढी काळजी आम्ही घेतली, आणि तेवढ्यावर समाधान मानले.

संध्याकाळी झाडाखाली मधमाश्या पडलेल्या होत्या. सातेरीच्या. काही अजून पाय हलवीत होत्या. दुसऱ्या दिवशी शिंजिराची जोडी नेहमीसारखी ये-जा करीत होती. तिसऱ्या दिवशी घरट्यातून आवाज येईनासा झाला. शिंजीर मध पितो खरा, पण पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. ते किडे त्याने कोठून वेचले असतील, हे सांगायला नको. मुलीने विचारले, "आप्पा, पिल्लं झोपलीत का?" आम्ही उत्तर दिले नाही.

मातोश्री रागावल्या नाहीत. पण भोपळ्याच्या वेलाला त्या पंधरवड्यात फळ धरेना. फूल येई, मागची इवली भोपळी पिवळी पडे आणि गळून जाई. तेव्हा रोज सकाळी त्या नर फूल खुडत आणि मादी फुलाला हलकेच लावीत. जे काम माशी फुकट करते, ते सत्तरीतली बाई वाकून करीत होती, आणि पदविका घेतलेला मुलगा ओट्यावर बसून पाहत होता. बंधूंनो, त्या पंधरा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते दोन वर्षांच्या पदविकेत शिकलो नव्हतो.

याचा उसाशी संबंध काय?

जुन्या सभासदांना २००२ साल आठवत असेल. आम्ही तेव्हा नुकतेच शेतकी खात्यात चिकटलो होतो. त्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातील उसावर पांढरा लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूला कापूस पसरल्यासारखा, आणि खालच्या पानांवर काळी बुरशी. फवारणी करावी तर दहा-बारा फूट उंच उसात माणूस शिरणार कसा? पंप संपले, औषधे संपली, मावा संपला नाही. शेवटी तो आटोक्यात आणला मुख्यतः मित्रकीटकांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक, या दोघांनी मावा खाऊन फस्त केला. ज्या फडात फवारणी कमी झाली होती, तेथून डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून आम्ही दुसऱ्यांच्या फडात नेऊन बांधली.

हे मित्र आकाशातून पडत नाहीत. त्यांतल्या अनेकांना पूर्ण वाढ झाल्यावर फुलांतील मध आणि पराग लागतो. खोडकिडीसाठी आपण जी ट्रायकोकार्डे लावतो, त्यातून निघणारी गांधीलमाशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. चैत्र-वैशाखात सुरू उसाला खोडकिडीचा जोर असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शिवार उघडे, बांध जाळलेले, कोठे फूल नाही. अशा वेळी हिरवे आणि फुललेले काय उरते? आपले परडे आणि विहिरीजवळचा बांध.

मागे एका गटसभेत एका सभासदाने विचारले, "हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर बसतात, मग कडुलिंबच तोडला तर?" प्रश्न बरोबर होता. वळवाचा पहिला दणका झाला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला गोळा होतात. पण झाड तोडले तर भुंगेरे मरत नाहीत, दुसऱ्याच्या झाडावर जातात. झाड ठेवले तर ते कोठे सापडतील हे आपल्याला ठाऊक असते. रात्री काठीने फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. सुटलेल्यांचा समाचार त्याच झाडाच्या ढोलीतला पिंगळा घेतो. एक मादी मारली म्हणजे पुढच्या पाच-पन्नास अळ्या वाचल्या. हा कडुलिंब आपला सापळा आहे, तो शत्रू नव्हे.

एवढे करावे

फार खर्चाचे काही नाही. सांगतो ते असे :

१) परड्यात सावलीला पसरट परळात पाणी ठेवावे. त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे मधमाश्या खड्यावर बसून पाणी पितील, बुडणार नाहीत. पाणी रोज बदलावे, डास होत नाहीत.

२) कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांचा एक वाफा न खुडता फुलावर येऊ द्यावा. ढालकिडे आणि क्रायसोपा यांना ती फुले फार आवडतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत.

३) फुललेल्या झाडावर औषध मारू नये. लिंबाचे रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठ्या झाडाचे चार पानांनी काही बिघडत नाही. अगदीच गरज पडली तर निंबोळीच्या गराची पूड लिटरला ५० ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून, सूर्य मावळल्यावर फवारावी. त्यासाठी ज्येष्ठात निंबोळ्या गोळा करून ठेवाव्यात.

४) शेतातील उरलेले औषध घरच्या झाडांवर वापरू नये. एकेकाळी हुमणीसाठी सर्रास वापरले जाणारे फोरेट २०२० अखेर देशात बंद झाले. जुना डबा माळ्यावर असेल तर तोही वापरू नये.

५) पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत आच्छादावे, दोन पाट्या मोगऱ्याच्या आळ्यात घालाव्यात. बांध पेटवला की सरडे, बेडूक, पाखरांची घरटी आणि मित्रकीटक सगळेच जातात.

६) धामण दिसली तर मारू नये. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. गव्हाणी घुबडाचेही तेच. घुबड अपशकुनी म्हणणाऱ्याने आपल्या उसातील उंदरांची बिळे मोजावीत.

हल्ली नवीन घर बांधताना परड्यात फरशी टाकण्याची पद्धत पडली आहे. चिखल होत नाही, झाडलोट सोपी होते, हे मान्य. पण निदान एक कोपरा मातीचा ठेवा. मोरीचे पाणी तेथे सोडा. बाकीचे काम केळ, अळू आणि पाखरे करतील.

यंदाची खबर

त्या प्रसंगानंतर लिंबावर कित्येक चैत्र शिंजीर आला नाही. जास्वंदीवर यायचा, मध पिऊन जायचा, घरटे मात्र नाही. यंदा पाडव्यापूर्वी आठ दिवस सौभाग्यवतीने हाक मारली. परड्यातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला कसलासा कचरा लोंबत होता. झटकायला तिने हात उचललाही होता. पाहिले तर चोचीत जाळी घेऊन मादी समोरच्या कढीपत्त्यावर ताटकळत बसलेली.

तार महिनाभर सोडून दिली. कपडे गच्चीवर, कुरडया-पापडाचे वाळवण ओट्यावर. मातोश्रींना आता नीट दिसत नाही, पण दुपारी ओट्यावर बसून त्या आवाज ऐकत आणि सांगत, "आली बघ." परवा सकाळी दोन पिल्ले उडाली. मुलगी आता कॉलेजला तालुक्याला असते. तिला फोन करून कळवले. ती एवढेच म्हणाली, "आप्पा, पंप कुठाय?" आम्ही सांगितले, शेतावर. घरी आणत नाही.

असो. पुढील अंकी खोडव्याच्या व्यवस्थापनाविषयी लिहू. तोवर सकाळी अर्धा तास परड्यात बसावे, आणि कोणते पाखरू, कोणते फूल दिसले ते गट कार्यालयात येऊन जरूर सांगावे. चहा आमच्याकडे.

आपला,
ऊस विकास अधिकारी