मिरची भाजत नाही, तसं भासवते

भरल्या मिरच्या फार तिखट होऊ नयेत म्हणून आपण आधी बिया काढतो. मिरची सौम्य होतेही, पण करणारं एक आणि नाव दुसऱ्याचं. मिरची उभी चिरून पाहा: देठाखालून निघून बियांना धरून ठेवणारी एक पांढुरकी शीर दिसेल. तिखटपणाचं मूळ असलेलं कॅप्सेसिन तयार होतं ते तिथे. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. सुरीच्या टोकाने बिया काढताना ती शीरही खरवडली जाते, म्हणून मिरची नरमते.

लालीवरून तिखटपणा जोखण्यातही असाच घोळ आहे. कॅप्सेसिनला स्वतःचा रंगच नाही. म्हणून ब्याडगीने रस्सा लालभडक होतो तरी जीभ निवांत राहते, आणि इवलीशी हिरवी लवंगी डोळ्यांतून पाणी काढते.

पण सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे तिखट पोट ‘जाळतं’. खरं तर कॅप्सेसिन भाजत नाही, भाजल्याचा निरोप तेवढा पाठवतं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-1 नावाची एक प्रथिनाची खिडकी असते. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर ती उघडते आणि मेंदूला चटका कळतो. कॅप्सेसिन तीच खिडकी गार तोंडातही उघडतं. हा उलगडा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत 1997 साली झाला. 2021च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो त्यासाठीच. पक्ष्यांच्या खिडकीला मात्र मिरची कळतच नाही, म्हणून पोपट ती मजेत खातो. अमेरिकेत खारींनी नासू नये म्हणून पक्ष्यांच्या दाण्यांना मिरचीचा अर्क लावतात, तो याच भरवशावर.

पोटातल्या अल्सरचं खापरही मिरचीवर फुटतं. त्यामागे मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर असतो. जिवाणूचा छडा लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005चं नोबेल मिळालं. ज्यांना आधीच आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना तिखटाने होणारी जळजळ मात्र खरी असते. त्यांना झणझणीत खाण्याचा आग्रह करू नये.

आता औषध. कॅप्सेसिनचं मलम गुडघ्याला शेक देतं, असं दुकानदारही सांगतात. तसं नाही. वारंवार लावल्याने मज्जातंतूंची टोकं चेतून चेतून थकतात, काही काळ काम सोडतात आणि दुखण्याचा निरोप पुढे जातच नाही. म्हणजे आग हा परिणाम नव्हे, परिणामाआधीचा त्रास. 0.025 ते 0.075 टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे लावावं लागतं. आणि नेमक्या पहिल्या दिवसांतच आग जास्त होत असल्याने पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतात. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने ठणकत राहणाऱ्या जागेसाठी 8 टक्क्यांची पट्टी असते. अमेरिकेत तिला 2009मध्ये मान्यता मिळाली, मधुमेहींच्या पायांतल्या वेदनांसाठी 2020मध्ये. ती दवाखान्यातच, हातमोजे घालून अर्धा ते एक तास लावतात, आणि आराम काही महिने टिकू शकतो. हे वाचून कुणी घरचं तिखट तेलात कालवून सांध्यावर चोळू नये. त्यात कॅप्सेसिन किती हे कुणालाच माहीत नसतं, आणि कातडीला फोड यायला वेळ लागत नाही.

याच गुणाचा वापर लबाडीसाठीही झाला आहे. 2008च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या चार घोड्यांच्या चाचणीत कॅप्सेसिन सापडलं. त्याने दुखणं दबतं, आणि पायाची कातडी हुळहुळी करून अडथळ्याला पाय लागण्याची धास्तीही घोड्याला घालता येते. नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक त्यापायी गेलं.

ठेचा केल्यावर हात पेटले की आपण नळाखाली धरतो, तेही व्यर्थ. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी गोडं तेल चोळा, मग साबण लावा. तोंडाला दूध किंवा दही. त्यातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. आणि डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी ती मिरच्या चिरण्याआधीच घालावी.