अद्भुताला जागा का लागली?

'कादंबरी' हे मुळात सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. मराठीने ते साऱ्या साहित्यप्रकारालाच दिले. म्हणजे आपल्याकडे या प्रकाराचे बारसेच एका अद्भुत प्रेमकथेवरून झाले. तरीही लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि ना. स. रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांची 'अद्भुतरम्य' म्हणून चटकन बोळवण होते.

विद्यापीठाशी संबंध नसलेला मी नेरूळच्या घरी या जुन्या कादंबऱ्या वाचत आलो. मला मोलाची वाटते ती रिसबुडांची प्रस्तावना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांनी हिंदूंच्या रोजच्या आयुष्यात मनोवेधक असे काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो.

याला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी वडीलधारेच ठरवत असतील, तर एकमेकांना पाहून, झुरून, निवडून केलेले प्रेम लेखकाने दाखवायचे कुठे? राजवाड्यात, नाहीतर अरण्यात. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा करताना केवढा गदारोळ झाला! त्याआधी दोन तपे रिसबूड लिहीत होते.

पुढे ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ने यमूचे वैधव्य थेट माजघरात दाखवले. वास्तववादाने अद्भुताला हरवले, असे आपण म्हणतो. मला मात्र दोन्हींत एकच प्रश्न दिसतो: बाईच्या मनाला विचारतो कोण?