चंद्रनाथाचा डोंगर आणि शेवटची बस

मंडळात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कुठं जायचं?" दुसरा, "किती जण?" आणि तिसरा, "खायला काय?" मी पेडणे तालुक्यातल्या आतल्या गावात राहते, त्यामुळे माझ्या डोक्यात आधी येतो तो चौथाच प्रश्न: पेडणे बाजारातून आमच्या गावात शिरणारी शेवटची बस किती वाजता? डिचोलीच्या आतल्या वाड्यांवरून येणाऱ्यांना विचारून बघा, त्यांचंही तेच. शहरात राहणाऱ्याला सहल संध्याकाळी आठला संपली काय, नऊला संपली काय, रिक्षा मिळते. आमची बस चुकली की कुणाच्या तरी भावाला मोटारसायकल घेऊन यावं लागतं, आणि पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही. वर्गात अशा दोघीतिघी तरी असतात, ज्या "मला डोंगर आवडत नाही" म्हणून सांगतात. डोंगर त्यांनाही आवडतो. त्यांना बस मिळत नाही.

म्हणून एका दिवसाच्या सोप्या ट्रेकचा बेत कसा आखायचा, ते या लेखात सांगते. उदाहरण घेते पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वताचं.

हाच डोंगर का?

मडगावहून केप्याला जाणाऱ्या रस्त्यावर पारोडा गाव लागतं. तिथं सपाट शेतांच्या कडेला एक डोंगर एकदम उभा राहतो. उंची सुमारे ३५० मीटर. माथ्यावर चंद्रेश्वर आणि भूतनाथ यांची देवळं. गावचे लोक डोंगराला नुसतं 'पर्वत' म्हणतात. चंद्रेश्वर म्हणजे चंद्राचा स्वामी, शिव. पौर्णिमेच्या चांदण्याचे किरण पडले की इथलं लिंग पाझरतं, अशी श्रद्धा आहे. पायथ्यापासून थोड्या अंतरावरचं चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज राजांची राजधानी, आणि पुढं कदंबांचंही ठाणं. राजधानीचं नाव आणि देवाचं नाव एकाच चंद्रावरून आलेलं दिसतं.

वरून पश्चिमेला सासष्टीची शेतं, माडांची झाडी, मधूनमधून चर्चचे पांढरे मनोरे आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्राची रेघ दिसते. साहित्य मंडळाच्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट: फादर स्टीफन्स यांनी आयुष्याची बरीच वर्षं याच सासष्टीत काढली, आणि त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये इथल्याच रायतूरला छापलं गेलं. मराठीतला एवढा मोठा ख्रिस्ती ग्रंथ ज्या मातीत झाला, ती माती एका शिवमंदिराच्या अंगणातून पाहायला मिळते. आपल्यासारख्या मिश्र गटाला याहून चांगली जागा कुठली?

बेताच्या दृष्टीनं या डोंगराचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. गाडीरस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत जातो आणि शेवटी पायऱ्या आहेत. म्हणजे वाट चुकायची भीती नाही, कुणाला मध्येच दम लागला तर गाडी बोलावता येते, आणि ज्याचा गुडघा दुखतो तोही सोबत येऊ शकतो. त्यानं गाडीनं वर यावं आणि शेवटच्या पायऱ्या हळूहळू चढाव्यात.

आधी परतीचा हिशेब

सगळे सकाळी निघायची वेळ आधी ठरवतात. मी उलटं करते. कागदावर सगळ्यात खाली शेवटच्या बसची वेळ लिहायची आणि वर वर चढत जायचं.

समजा, आमच्या गावची शेवटची बस पेडण्याहून संध्याकाळी ७ ला सुटते. मग मी पेडण्यात ६ ला हवी. हा एक तास राखीव, त्याला हात लावायचा नाही. पेडण्याला ६ ला पोचायचं तर म्हापशाहून ५ वाजून १० मिनिटांच्या आत निघायला हवं. म्हणजे पणजीहून साधारण सव्वाचारला, मडगावहून ३ ला आणि पारोड्याहून सव्वादोनला बस मिळायला हवी. उतरायला एक तास आणि रस्त्यावर बसची वाट पाहायला अर्धा तास धरला, तर माथा पाऊणला सोडावा लागतो. माथ्यावर दीड तास हवा असेल तर सव्वाअकराला वर पोचायला हवं.

आता चढायला किती वेळ लागेल? याचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानं तो १८९२ मध्ये मांडला, आणि जगभरचे डोंगरयात्री आजही तो वापरतात. सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरना एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. आपण ३ किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ धरू. चालीची ३६ मिनिटं, चढाची ३० मिनिटं, मिळून तास-सव्वातास. पण हा हिशेब सराईत आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा. वीस जणांचा गट फोटो काढतो, पाणी पितो, एकाची चप्पल तुटते. म्हणून मी त्याची दीडपट करते: पावणेदोन तास. याचा अर्थ साडेनऊला चढायला सुरुवात.

पेडण्याहून पारोड्यापर्यंत चार बसगाड्या बदलत साडेतीन तास धरा. म्हणजे पहाटे पावणेसहाच्या सुमाराला निघायचं. रेल्वेची वेळ जुळत असेल तर पेडणे किंवा थिवीहून थेट मडगाव गाठता येतं आणि मधल्या तीन बसगाड्या वाचतात. डिचोलीकरांना थिवी किंवा म्हापसा, जे घराला सोयीचं ते. कुठल्याही वेळापत्रकावर डोळे मिटून विसंबू नका. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी खासगी बसगाड्या कमी असतात, म्हणून ज्या वारी जायचं त्याच वारी आदल्या आठवड्यात कुणीतरी स्टँडवर जाऊन विचारून यावं.

हा कागद पूर्ण झाला की एक गोष्ट लक्षात येते. वर किती वेळ बसायचं हे डोंगर ठरवत नाही, हवाही ठरवत नाही. ते गटातल्या सगळ्यात लांब राहणाऱ्याची बस ठरवते. तिच्या वेळेवर बेत बांधला तर बाकीच्यांचं काहीच बिघडत नाही, फार तर घरी तासभर लवकर पोचतील. म्हापशाच्या मुलांच्या सोयीनं बांधला तर ती येतच नाही.

भाड्याची मिनीबस केली तर वेळ वाचतो, पण खर्च वाढतो. अशा वेळी वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवावी आणि गाडी शेवटच्या गावापर्यंत सोडेल का, हे ठरवतानाच विचारावं. "म्हापशापर्यंत सोडतो" हे उत्तर आमच्या उपयोगाचं नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात डोंगर हिरवागार असतो खरा, पण कुशावतीला पूर आला की पारोड्याजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि बसगाड्या अडतात. वर जायचं राहिलं बाजूला, परत यायचेच वांधे. मार्च-एप्रिलला दमट उकाड्यात घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि सोपा चढही अंगावर येतो. डिसेंबरात सहानंतर लगेच सूर्य मावळतो, पण आपला बेत पाऊणलाच माथा सोडतो, तेव्हा अंधाराची काळजी नको. चांदणं बघायला पौर्णिमेच्या रात्री जायचा मोह होईल, पण तो बेत मोठ्यांसोबत आणि स्वतःच्या गाडीनं करावा.

देवळात

आपण ट्रेकला जात असलो तरी ती देवाची जागा आहे. गोव्यातली देवळं महाजनांच्या देवस्थान समित्या चालवतात. त्यांचे नियम १८८६ च्या पोर्तुगीज काळातल्या कायद्यापासून चालत आले आहेत. गट मोठा असेल तर समितीला किंवा पुजाऱ्यांना आधी कळवावं. चार प्रश्न विचारायचे: दुपारी देऊळ कधी बंद होतं, कपड्यांचे नियम काय, आमच्यातल्या ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांनी कुठपर्यंत यावं, आणि डबे कुठं सोडावेत. हे आधी विचारलं की दारात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. "तू इथंच थांब" हे वाक्य मित्राला ऐन वेळी सगळ्यांसमोर ऐकावं लागणं वाईट. आदल्या दिवशी माहीत असेल तर तो ठरवून सभामंडपात बसतो किंवा बाहेर देखावा बघतो, आणि त्याच्यासोबत आणखी दोघं बसतात.

दर्शन घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. चपला काढणं, आवाज खाली ठेवणं आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवणं मात्र सगळ्यांना सारखं. डब्यात त्या दिवशी मासे-मटण नको. पोई, सुकी भाजी, उकडलेले चणे, केळी, एवढं पुरतं.

पिशवीत काय, कोण कुठं

माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं अर्धा लिटर उतरताना हवंच. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम. टोपी, पट्ट्या, स्वतःची औषधं, आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. उतरताना डांबरी उतारावर चपला निसटतात.

मुलींसाठी एक गोष्ट उघड लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही: स्वच्छतागृह. मडगावच्या कदंब स्टँडवर सगळ्यांनी जाऊन यायचं, त्यासाठी वीस मिनिटं धरायची. वर सोय आहे का, हे समितीला कळवताना विचारून ठेवायचं. ही सोय नसेल या भीतीनं मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि चढावर चक्कर येते ती त्यामुळे.

चालताना सगळ्यात हळू चालणारीला पुढं ठेवा आणि वाट माहीत असलेल्या दमदार माणसाला शेवटी. पुढची थांबली की सगळे थांबतात, मागं कुणी सुटत नाही. दर वळणावर मोजणी. रस्त्यावर गाड्या येतात, म्हणून एका बाजूनं, दोघादोघांत. काही झालंच तर १०८ वर रुग्णवाहिका, आणि मडगावचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे.

आधी एक सराव

चाल किती झेपते हे कळायला दोन आठवडे आधी अर्ध्या दिवसाचा एक सराव करावा. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ बघायचं. हे देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं १६६८ मध्ये नव्यानं बांधलं गेलं. मग फेरीबोटीनं नदी ओलांडून दिवाडी बेटावर जायचं आणि पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चालायचं. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर होतं. टेकडी लहान आहे, पण कुणाचे बूट चावतात, कोण पाणी विसरतो, कुणाला दम लागतो, हे सगळं तिथंच कळतं. त्यावरून आपला पावणेदोन तासांचा अंदाज वाढवायचा की कमी करायचा, तेही ठरतं.

यादी करताना नावांपुढं फोन नंबर लिहितात, तसा आणखी एक रकाना आखा: घरी जाणारी शेवटची बस. तो रकाना भरून झाला की त्यातली सगळ्यात लवकरची वेळ शोधा आणि कागदावर सगळ्यात खाली लिहा. तिथून वर चढायला लागा.