अंडाशयाचा कर्करोग आणि उपचाराची लस

लस म्हटली की रोग होण्यापूर्वी मुलाला टोचावयाची लस डोळ्यांपुढे येते. अंडाशयाच्या वाढलेल्या कर्करोगासाठी जिच्यावर संशोधन चालू आहे ती लस निराळी. ती रोग जडल्यावर उपचार म्हणून द्यावयाची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी आहे. अंडाशयाच्या कर्करोगापासून ती संरक्षण देत नाही. मुलींच्या पालकांना माहिती देताना शिक्षकांनी हा भेद अवश्य सांगावा.

शरीरातील पांढऱ्या पेशी परक्या जंतूंना ओळखून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्याने पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटते. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात यावर दुहेरी उपाय योजण्यात आला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा अंश रुग्ण स्त्रीच्याच रक्तातील विशिष्ट पेशींना दाखवून लस बनविली गेली. त्या पेशी शरीरात परत जाऊन लढाऊ टी-पेशींना शत्रूची ओळख पटवितात. पुढे याच टी-पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा रुग्णाला देण्यात आल्या.

२०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार ३१ स्त्रियांपैकी १९ जणींमध्ये लसीने प्रतिकार जागविला. त्यांतील ८ जणींत मोजण्याजोगा रोग उरला नव्हता. उरलेल्या ११ जणींना टी-पेशी दिल्यावर ७ जणींचा रोग थांबून राहिला व एकीचा पूर्ण नाहीसा झाला. आकडे आशादायक खरे, पण स्त्रिया थोड्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्यावरून खात्रीच्या इलाजाचे आश्वासन देऊन कोणी पैसे मागू लागल्यास त्यास बळी पडू नये. शस्त्रक्रिया व औषधोपचार हेच आजही मुख्य उपचार होत.

पवईची आय.आय.टी. आणि परळचे टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या टी-पेशींच्या देशी उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली, ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. अंडाशयाच्या घट्ट गाठीत शिरणे या पेशींना कठीण जाते.

हा रोग बहुधा उशिरा उमगतो, कारण लक्षणे साधी असतात. पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, हे सारे 'वायू धरला' म्हणून अंगावर काढले जाते. असा त्रास दोन-तीन आठवडे टिकल्यास पेडणे वा डिचोलीच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे; गरजेप्रमाणे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे. आई, बहीण वा मावशीस स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांस न विचारताच सांगावे.