बाळंतपणानंतरचे दुखणे : किती सोसावे, केव्हा दाखवावे?

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर चौमूं हे गाव लागते. बाळंतपणानंतरच्या काळाला या भागात ‘जापा’ म्हणतात. साधारण चाळीस दिवस बाळंतिणीने विसावा घ्यायचा आणि घरच्यांनी तिला सुंठ, डिंक, ओवा घातलेले लाडू खाऊ घालायचे, अशी रीत आहे. बदलीच्या निमित्ताने राजस्थानात आलेल्या मराठी कुटुंबाला ती परकी वाटणार नाही. आपल्याकडचा सव्वा महिना, डिंकाचे व अळिवाचे लाडू, तेल लावून अंग शेकणे हे सारे त्याच जातीचे. मात्र दोन्हीकडे आणखी एक गोष्ट सारखी आढळते. ओटीपोट, कंबर वा जांघ दुखते असे बाळंतीण म्हणाली, की “एवढे व्हायचेच” असे उत्तर तिला मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. काही दुखणी आपोआप थांबतात, काहींना उपचार लागतात, तर काहींमध्ये काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. हा भेद प्रत्येक घराला ठाऊक असायला हवा.

शरीरात काय घडते?

कमरेच्या हाडांचे एक भक्कम कडे असते. पुढे ओटीपोटाच्या खाली एक सांधा आणि मागे पाठीच्या कण्याच्या तळाशी दोन सांधे, यांनी ते जोडलेले असते. पुढच्या सांध्यातील फट एरवी चार-पाच मिलिमीटरची असते. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात आणि ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते. कड्याच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असून मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तिचा आधार असतो. प्रसूतीत ही झोळी कमालीची ताणली जाते, कधी फाटते. गर्भाशयाचे वजन प्रसूतीनंतर लगेच सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येते. एवढी उलथापालथ झाल्यावर काही दिवस दुखणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

दुखण्याची जागा काय सांगते?

पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः बाळाला पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळा या गर्भाशय आकसत असल्याच्या खुणा होत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला त्या अधिक जाणवतात व आपोआप थांबतात.

टाक्यांची जागा बहुधा दोन ते चार आठवड्यांत भरून येते. पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ आणि नंतर कोमट पाण्यात बसणे यांनी आराम पडतो. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर टाके दाखवून घ्यावेत.

कुशीवर वळताना, जिना चढताना किंवा एका पायावर उभे राहून सलवार घालताना पुढच्या सांध्यात वा कमरेच्या मागच्या बाजूस कळ येत असेल, तर दुखणे सांध्यांचे असते. अशा वेळी दोन्ही गुडघे जुळवून कुशीवर वळावे, कपडे बसून घालावेत, उकिडवे बसणे व पाण्याची घागर उचलणे काही काळ टाळावे. शौचास शक्यतो कमोड वापरावा. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि त्याच्याच सल्ल्याने बांधलेला कमरेचा पट्टा यांचा चांगला उपयोग होतो. पोटाभोवती लुगडे करकचून आवळल्याने मात्र हे सांधे सावरत नाहीत.

बसताना आणि बसल्यावरून उठताना माकडहाड दुखत असेल, तर मागे खाच ठेवलेली उशी घेऊन बसावे. शिंकताना लघवी होणे, खाली जड वाटणे किंवा ‘अंग बाहेर येणे’ ही झोळी दुबळी झाल्याची लक्षणे आहेत. त्यावरचे व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडले व त्यांच्याच नावाने ते ओळखले जातात. लघवी रोखून धरल्याप्रमाणे ते स्नायू आवळावेत, काही क्षण धरावेत आणि पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये. परंतु काही स्त्रियांचे हे स्नायू दुबळे नसून आखडलेले असतात. पतिपत्नी-संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदनेचे ते एक कारण असते. त्यांना आधी स्नायू सैल करण्यास शिकावे लागते. म्हणून दुखत असताना स्वतःच्या मनाने व्यायाम वाढवू नयेत.

थांबू नये अशी लक्षणे

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधी येणारा स्राव, ओटीपोटातील वाढती वेदना, तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, लघवी न होणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी, त्याच घडीला रुग्णालय गाठावे. सव्वा महिना बाहेर पडायचे नाही ही रीत अशा वेळी बाजूला ठेवावी. चौमूंच्या सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवावे लागले, तर जयपुरात जनाना चिकित्सालय व महिला चिकित्सालय ही स्त्रियांसाठीची जुनी सरकारी रुग्णालये आहेत. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत आईचे उपचार विनामूल्य आहेत.

न बोलण्याची किंमत

डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक कोणता ना कोणता विकार होता. त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे अंगावर काढण्याची सवय किती खोल रुजली आहे, याचा हा पुरावा होय.

त्याच गडचिरोलीत बंग दांपत्याने उभी केलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत २०११ पासून देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणे तीत अपेक्षित आहे. या भेटी बाळासाठी असल्या, तरी आईनेही आपले दुखणे त्या वेळी सांगावे. सहाव्या आठवड्यातील तपासणी तर चुकवूच नये. तोवर दुखणे उरले असेल, तर ते ‘व्हायचेच’ या सदरात मोडत नाही. त्यावर उपचार आहेत.

नोकरदार स्त्रियांची प्रसूतिरजा २०१७ साली १२ वरून २६ आठवड्यांची झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी लागू असलेली ही रजा बाळासाठी आहे, तशीच आईच्या शरीराच्या दुरुस्तीसाठीही आहे. ती सार्थकी लागण्यासाठी घरातील एका माणसाने, मग ती सासू असो, आई असो वा पती असो, बाळंतिणीला रोज एवढेच विचारावे : “आज कुठे दुखते आहे का?” आणि उत्तर आल्यावर ते ऐकून घ्यावे.